दुसऱ्या खर्ड्याला वाचक हवा



 मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात. घरी तमीळ, उर्दू, गुजराती बोलणारी मुले त्यांत मराठी शिकतात. २०२०च्या कायद्याने तर राज्यातल्या सर्वच शाळांत मराठी सक्तीची झाली. पण ही मुले मराठीत लिहितात ते कोण वाचते? बहुतेकदा फक्त आपण शिक्षक, आणि तेही हातात लाल पेन घेऊन.

हिंदीभाषक मूल लिहिते, ‘माझी आजीचा घर गावात आहे.’ हिंदीत नपुंसकलिंग नाही. मूल आपल्या भाषेच्या नियमाने चालले आहे. आपण दोन गोल काढतो, मूल तेवढे वाक्य सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिते आणि वही मिटते. त्याऐवजी शेजारच्या मुलीने विचारावे, ‘आजीच्या घरी काय काय आहे?’ मग विहीर येते, माळा येतो, रात्री वाटणारी भीती येते. पुनर्लेखन इथे सुरू होते. शुद्धलेखन त्यानंतर.

१९९६ साली भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी दुसऱ्या भाषेच्या लेखनवर्गातली व्याकरणदुरुस्ती सोडूनच द्यावी, असे मांडले. १९९९मध्ये डाना फेरिस यांनी त्याला विरोध केला. मला फेरिस यांची बाजू पटते: खुणा कराव्यात, पण निवडक आणि स्पष्ट. मी एवढेच जोडेन की पहिल्या खर्ड्यावर त्या नकोत.

आणि लेखन वर्गाबाहेर जाऊ द्या. फ्रान्समध्ये शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४च्या सुमारास खेड्यातल्या शाळेत छोटे छपाईयंत्र आणले. मुलांचा मजकूर वर्ग मिळून सुधारी, मुलेच खिळे जुळवत. १९२६पासून ती पाने दूर ब्रिटनीतल्या एका शाळेत जाऊ लागली. त्या भागात घरोघरी ब्रेटन बोलली जाई. फ्रेंच ही शाळेची भाषा. ओळख नसलेला वाचक वाट पाहतो आहे, हे कळले की मूल आपले वाक्य स्वतःच पुन्हा तपासते. आपल्याकडे त्यासाठी भित्तिपत्रक, हस्तलिखित, शेजारच्या शाळेला पाठवलेला लिफाफा पुरे. मात्र मुलाची संमती आधी घ्यावी; सगळेच लिहिलेले वाटण्यासाठी नसते.

परिषदेच्या मागच्या दालनात मुलांच्या परवानगीने, नावे झाकून, काही निबंधांचे पहिले आणि दुसरे खर्डे शेजारी-शेजारी मांडले आहेत. जेवणाच्या सुटीत ते जरूर वाचा, आणि मुलांसाठी दोन ओळी लिहून ठेवा. सोमवारी त्या त्यांच्यापर्यंत पोहोचतील.