घरचा साबण, घरचा सोडा
(तिसगाव येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज "वस्तीवरील आरोग्य" असा विषय दिला आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून मी त्यातला एकच कोपरा घेते: कपडे धुणे. मागच्या रांगेतल्या भगिनी हसल्या, ते मला दिसलं. हसा. मीही आधी हसलेच होते. धुण्यावर काय भाषण करायचं, असंच मला वाटायचं. माझं ते हसू एका आईने थांबवलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या भागातल्या एका भिल्ल वस्तीवर मी गेले होते. तिथल्या एका मुलाने शाळेत जाणं सोडलं होतं. वर्गातली मुलं त्याच्याशेजारी बसत नव्हती, कपड्यांना वास येतो म्हणत होती. मी त्याच्या आईला चांगली अर्धा तास स्वच्छता शिकवली. शेवटी म्हणाले, "निदान शाळेचा सदरा तरी रोज धूत जा."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, एक हंडा आणाया एवढं लांब जायचं. ते पाणी प्यायचं का धुयाचं? आन् साबणाचं म्हणाल, तर वडी चार दिवसांत सरती. ऊसतोडीवर घेतली तर ती मुकादमाच्या वहीत चढती. फेडायची उचल आधीच डोक्यावर हाय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला सदरा धुवायला सांगत होते, पण धुवायचं कशानं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी धुण्याचा अभ्यास करू लागले. आज तोच तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट पाण्याची. पाथर्डी तालुक्यात पाऊस कमी, त्यामुळे बोअरच्या पाण्यावर पुष्कळ घरं अवलंबून. हे पाणी बहुधा जड असतं, म्हणजे त्यात चुन्यासारखे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्यात साबण घातला की आधी त्या क्षारांशीच त्याची गाठ पडते आणि त्याचा चिकट, करडा साका होतो. फेस येत नाही, म्हणून बाई आणखी साबण घासते. निम्मी वडी कपड्याला न लागताच वाया जाते, आणि तो साका कपड्यावर बसून पांढरा सदरा करडा होतो. त्या आईची वडी चार दिवसांत का सरत होती, ते मला तेव्हा कळलं. ती आळशी नव्हती. तिचा साबण पाणीच खात होतं.

यावर जुना उपाय आहे, धुण्याचा सोडा. हा खाण्याचा सोडा नव्हे, हे आधीच सांगते. धुण्याचा सोडा पाण्यातल्या क्षारांना धरून खाली बसवतो आणि मग साबण मोकळा होऊन मळावर काम करतो. आमच्या वस्तीवरच्या भगिनींनी बसवलेली रीत अशी. अर्धा किलो धुण्याचा सोडा एका डब्यात. कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या किसणीवर किसून, सावलीत वाळवून दुसऱ्या डब्यात. पंधरा लिटरच्या बादलीत आधी पोह्यांचा एक चमचा सोडा विरघळवायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग साबणाचा दोन चमचे कीस थोड्या गरम पाण्यात विरघळवून त्यात ओतायचा आणि कपडे भिजवायचे. दोन्ही एकत्र करून पावडर बनवता येते, एक भाग साबणाला दोन भाग सोडा. पण पाणी फार जड असेल तर दोन डबे वेगळे ठेवलेलेच बरे. आधी सोडा, मग साबण.

तुमच्या घरचं पाणी कसं आहे ते पाहायचं असेल, तर एका स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला तर पाणी हलकं. फेस न येता पाणी दुधाळ झालं आणि वर साका तरंगला, तर जड.

दुसरी गोष्ट मी शिकवली नाही, मला शिकवली गेली. वस्तीवरच्या थोरल्या मावशी आमचं किसणं बघत बसल्या होत्या. त्या उठल्या, माळावर गेल्या आणि ओटीत हिंगणबेटाची फळं घेऊन आल्या. काटेरी झाड, मुरमाड जमिनीत येतं, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. त्यांनी फळाचा गर पाण्यात कुस्करला आणि फेस काढून दाखवला. म्हणाल्या, "साबण कुठं होता आमच्या टायमाला?" रिठ्याचंही तसंच. पंधरा-वीस रिठे फोडून, बिया काढून, रात्रभर भिजत घालायचे. सकाळी अर्धा तास उकळून, कुस्करून गाळायचे. हे पाणी जड पाण्यातही साबणासारखा साका करत नाही, आणि लोकरीच्या व रेशमी कपड्यांना तर सोड्यापेक्षा हेच चांगलं. तीन-चार दिवसांत ते आंबतं, म्हणून थोडंच करावं. पांढऱ्या कपड्यांवर कधी पिवळट छटा येते, तेलकट डाग पुरते जात नाहीत, हेही सांगायला हवं. आणि हिंगणबेटाचं किंवा रिठ्याचं पाणी ओढ्यात, विहिरीत जाऊ देऊ नका, माशांना ते विषारी आहे.

मावशींनी राखेचीही आठवण काढली. लाकडाची राख मडक्यात भिजवायची आणि दुसऱ्या दिवशी वरचं निवळ पाणी घ्यायचं. ते हाताला बुळबुळीत लागतं, कारण त्यात खार उतरलेला असतो. सुती कपड्यांना ते चालतं. मी धर्मशास्त्राची पदविका करत होते तेव्हा मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातला परटाचा खार आम्हाला शिकवला होता. तो वनस्पतींच्या राखेतूनच काढत. वर्गात मी त्यावर चांगले गुण मिळवले होते. राखेचं पाणी मात्र पहिल्यांदा हातात घेतलं ते या वस्तीवर.

आता आमच्या चुकीबद्दलही बोलते. भगिनींचा हुरूप पाहून मला वाटलं, आता पावडर बनवून विकू. निरमाची गोष्ट आपल्याला माहीत आहे. करसनभाई पटेल यांनी 1969 साली अहमदाबादमध्ये घरीच पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली. त्यांना जमलं, आपल्याला का नाही? मी एका शिकवणाऱ्याला बोलावलं. त्याने ॲसिड स्लरीची पावडर शिकवली. ती ढवळताना एका भगिनीच्या हातावर उडाली आणि कातडी भाजली. पावसाळ्यात पुड्यांचे दगड झाले. दुकानदार म्हणाला, "नावाची पुडी दहा रुपयांत मिळते, तुमची कोण घेईल?" गटाचे पैसे बुडाले. करसनभाई रसायनशास्त्र शिकलेले होते, हे मी सोयीने विसरले होते. चूक त्या भगिनींची नव्हती, माझ्या घाईची होती.

म्हणून ठामपणे सांगते: ॲसिड स्लरी आणि कॉस्टिक सोडा घरात आणू नका, लेकरं असलेल्या झोपडीत तर मुळीच नाही. धुण्याचा सोडासुद्धा जपून वापरा. हात नंतर साध्या पाण्याने धुऊन तेल लावा, डोळ्यांत जाऊ देऊ नका, ॲल्युमिनियमच्या भांड्यात भिजवू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या डब्यावर सदऱ्याचं चित्र काढा, म्हणजे तो खाण्याच्या सोड्याच्या जागी भाजीत पडणार नाही. सोड्याचं पाणी रोज एकाच झाडाला घालू नका, जमीन कडक होते. शेवटच्या खळबळण्याचं पाणी मात्र पुढचे कपडे भिजवायला ठेवा. एक बादली वाचली तर ती एक खेप वाचली.

विकण्याचा नाद सोडला तेव्हा खरा फायदा दिसला. पैसे किती वाचतात ते माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका. छोट्या पुडीवरचं वजन वाचा, किलोचा भाव स्वतः काढा, आणि मग सुट्या सोड्याचा भाव विचारा. गरीब माणूस किलोने घेऊ शकत नाही, म्हणून तोच सगळ्यांत महाग घेतो.

आपल्या महाराष्ट्रात गाडगेबाबा होऊन गेले. 1876 साली परीट समाजात जन्मले. गावात गेले की आधी स्वतः खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. मी उलट केलं होतं, कीर्तन आधी केलं आणि खराटा आणलाच नाही.

म्हणून आज माझी मागणी साधी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. उसाचा चिकट रस, पाचटाची धूळ, आणि खोपीत बदलायला एखादाच जोड. प्रत्येक निघणाऱ्या कुटुंबाबरोबर आपण एक डबा देऊ: दोन किलो धुण्याचा सोडा, किसलेला साबण, मूठभर रिठे आणि एक चमचा. डबा भरायला वस्तीवरच्याच भगिनी बसतील, कारण त्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं येतं. आपण सामान आणू आणि त्यांच्या हाताखाली किसायला बसू. जुने कपडे देणार असाल तर तेही धुऊन, बटणं लावून द्या.

पहिला डबा आम्ही त्याच आईला दिला होता. पाडव्याच्या सुमारास टोळी परत आली, तेव्हा ती स्वतः माझ्या दारात आली. मुलगा मागे उभा होता, सदरा जुनाच, पण पांढरा. तिने रिकामा डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ताई, औंदा वहीत साबण न्हाई. डबा पुन्हा भरून द्या."

तो डबा भरायचा आहे. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.