उपद्रवामागील आशा



१९३९च्या सप्टेंबरात बॉम्बहल्ल्यांच्या भयाने ब्रिटनमधील लाखो मुले शहरांतून खेड्यांतील परक्या कुटुंबांत धाडण्यात आली. पुष्कळशी रुळली, काही मात्र चोऱ्या करीत, अंथरूण भिजवीत, पळून जात. त्यांना कोणतेच घर ठेवून घेईना. ऑक्सफर्डशायरमध्ये अशांसाठी वसतिगृहे निघाली. मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट आणि समाजकार्यकर्त्या क्लेअर ब्रिटन तेथे काम करीत.

विनिकॉट यांनी १९५६ मध्ये मांडलेला विचार मूलगामी आहे. चोरी करणारे मूल वस्तू शोधत नसते. एकदा लाभून हरपलेली माया शोधत असते. म्हणून त्याच्या उपद्रवात आशा दडलेली असते. नव्या घराविषयी विश्वास अंकुरू लागताच ते अधिक बिथरते; हे घर आपला राग सोसून टिकेल काय, याची ते परीक्षा घेते. नेमक्या त्याच वेळी त्याची पाठवणी झाली, तर जुनी जखम पुन्हा उघडते.

उपचारकाचे कार्य दुहेरी असते: मुलाच्या रागाला शब्द देणे आणि पालकांचा धीर टिकविणे.

भारतातही २०१५च्या बाल न्याय कायद्यात मुलांना प्रतिपालक कुटुंबात ठेवण्याची तरतूद आहे. परंतु कायदा छप्पर देतो. टिकून राहणे माणसांनाच शिकावे लागते.