गरम इंजिन पुन्हा सुरू का होत नाही?



नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या काठी ज्यांची उसाची व केळीची शेती आहे, अशा अकलूज आणि माळशिरस भागातील शेतकरी बंधुभगिनींची एक तक्रार उन्हाळा लागला की हमखास कानावर येते. पहाटेच्या गारव्यात दोन फेऱ्यांत सुरू होणारे डिझेल इंजिन तीन-चार तास बिनतक्रार पाणी ओढते. मग डिझेल भरण्याकरिता किंवा पाइप बदलण्याकरिता ते घटकाभर थांबवावे, तर हॅन्डल मारून मारून माणसाचे खांदे भरून येतात, पण इंजिन काही उठत नाही. शेवटी कंटाळून ते तसेच सोडून द्यावे, तर दोन तासांनी, जणू काही घडलेच नाही अशा रीतीने, ते निमूटपणे सुरू होते. दरम्यान पाण्याची पाळी हुकलेली असते आणि सरी अर्धी कोरडी राहिलेली असते.

“तापलंय, निवू द्या,” हा यावरचा सर्वमान्य उपाय आहे. परंतु या उपायाने मूळ दोषावर पांघरूण पडते, कारण डिझेल इंजिनाचे आणि उष्णतेचे वैर नाही. किंबहुना उष्णता हाच त्याचा प्राण आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला 1893 साली ज्या कल्पनेचे पेटंट मिळाले, तिचा गाभाच असा, की ठिणगीची काही तजवीज न करता केवळ हवा दाबून इतकी तापवावी, की तीत सोडलेले इंधन आपोआप पेट घ्यावे. 1946 साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या आणि तत्पूर्वीच्या सातारा रोडच्या कूपर कारखान्याच्या इंजिनांमुळे महाराष्ट्राच्या विहिरींवर आणि नदीकाठांवर जे यंत्र घरोघरचे झाले, ते याच तत्त्वावर चालते. सिलिंडरमधील हवा आपल्या आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबली जाते आणि तिचे तापमान 500 अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते. आधीच तापलेल्या इंजिनात हे काम अधिक सुलभ व्हावयास हवे. म्हणून गरम इंजिनाने गार इंजिनापेक्षा लवकर उठावे, हाच निसर्गनियम. आणि ते जेव्हा उलट वागते तेव्हा कोठेतरी दोष आहे, आणि बहुधा ती झीज आहे, असे समजावे. उष्णता ही झीज उत्पन्न करीत नाही, गार असताना झाकून राहिलेली झीज ती उघडी पाडते.

झीज झाकते कोण, तर तेल. काकवी गार असताना भांड्याला चिकटून राहते आणि तापवली की पाण्यासारखी पळते, हे उसाच्या मुलखात कोणालाही सांगावयास नको. इंजिनातील वंगणतेलाची आणि काही अंशी डिझेलचीही तीच गत आहे. गार व दाट तेल पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांच्या फटी बुजवून दम, म्हणजे दाबलेली हवा, धरून ठेवते. तेल पातळ झाले की दम त्या फटींतून निसटतो. फ्यूएल पंपातील एलिमेंटचेही असेच आहे. त्याच्या दोन भागांमधील फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकीच असते, आणि तेवढ्या बारीक फटीच्या भरवशावर नोझल उघडण्याजोगा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 200 किलोग्रॅमच्या आसपासचा दाब निर्माण व्हावयाचा असतो. एलिमेंट झिजले असेल तर गरम, पातळ डिझेल मागच्या मागे गळते. इंजिन वेगात असताना गळण्यास अवसर मिळत नाही, म्हणून ते चालत राहते. हॅन्डलच्या मंद गतीत मात्र नोझलपर्यंत पुरेसे इंधन पोहोचत नाही.

यास्तव पुढच्या खेपेस इंजिन अडून बसले, तर ते निवण्याची वाट पाहू नये. तपासाची खरी वेळ तीच असते. प्रथम फ्लायव्हील हाताने फिरवून पाहावे. ते जड लागत असेल किंवा अडकत असेल, तर पिस्टन फुगून धरला आहे असे समजून जबरदस्ती मुळीच करू नये. तेथे दोष थंड करणाऱ्या पाण्याच्या बंदोबस्तात किंवा तेलाच्या पातळीत आहे. अशा वेळी तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतण्याची घाई करू नये, हेड तडकते.

फ्लायव्हील मोकळे असेल, तर डिझेल बंद करण्याचा लिव्हर ‘बंद’वर ठेवून, डीकॉम्पचा, म्हणजे दम मोकळा सोडणारा, खटका खाली करून, ते सावकाश दमावर आणावे. निरोगी इंजिन येथे स्प्रिंगसारखे मागे ढकलते आणि क्षणभर दम धरून ठेवते. हात सहज पुढे गेला तर दम गळतो आहे. आणि तो कोठून गळतो हे कानाला कळते. हवा घेण्याच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह, धुराड्यात आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि तेल भरण्याच्या भोकाशी आली तर रिंगा. व्हॉल्व्हचा दोष निघाला तर लगेच हेड उतरवू नये. वापराने व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये खोल बसत जातो, टॅपेटचे अंतर घटते, आणि तापून लांबलेल्या व्हॉल्व्हला पूर्ण मिटण्यास जागाच उरत नाही. इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले अंतर, पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत, फिलर गेजने लावले, की पुष्कळ इंजिने तेवढ्यानेच ताळ्यावर येतात.

दम चांगला असेल, तर संशय इंधनावर न्यावा. डीकॉम्प उघडून, डिझेलचा लिव्हर ‘चालू’वर ठेवून, हॅन्डल जोमाने फिरवावे आणि कान नोझलकडे लावावा. प्रत्येक फवाऱ्यागणिक ‘कर्र’ असा आवाज आला तर पंप आणि नोझल आपले काम करीत आहेत. मग डीकॉम्प खाली टाकावा. इंजिन न पेटता धुराड्यातून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोहोचते आहे पण जळत नाही, म्हणजे पुन्हा दमाकडे किंवा नीट फवारा न मारणाऱ्या नोझलकडे पाहावे. आवाज नाही आणि धूरही नाही, तर डिझेल येतच नाही. तेव्हा आधी टाकीचे झाकण उघडावे. झाकणाचे बारीक छिद्र धुळीने बुजले असले, की टाकीत पोकळी निर्माण होऊन डिझेल उतरणे थांबते, आणि तास-दोन तासांत हवा शिरली की सारे पूर्ववत होते. हा दोष ‘गरमाई’च्या नावाखाली वर्षानुवर्षे खपून जातो. त्यानंतर तांब्याचे वॉशर आणि नळीचे सांधे पाहून हवा काढावी. इतके करूनही यश आले नाही, तर गार पाण्यात पिळलेले फडके केवळ फ्यूएल पंपाभोवती दहा मिनिटे गुंडाळावे. एवढ्याने इंजिन उठले, तर एलिमेंट झिजल्याचा तो सबळ पुरावा समजावा. एलिमेंट बदलण्याचा खर्च बोअर-पिस्टनच्या खर्चापुढे अल्प आहे, आणि निदान न करता मोठे काम काढणाऱ्याला हा अल्प खर्च शेवटी द्यावाच लागतो.

काही बाबतींत मात्र हयगय प्राणावर बेतते. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा किंवा पेट्रोलचे फडके कधीही धरू नये. नोझल बाहेर काढून फवारा पाहताना हात त्याच्या समोर नेऊ नये; तो फवारा कातडी भेदून आत शिरतो, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आतील मांस सडते. असे झाल्यास दुखण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. हॅन्डल धरताना अंगठा चारही बोटांच्या बाजूलाच ठेवावा, म्हणजे इंजिन उलट फिरल्यास तो मोडत नाही. आणि इंजिन बंद करण्यापूर्वी ते पाच मिनिटे भाराविना चालवावे, म्हणजे पिस्टन व नोझल यांची उष्णता हळूहळू उतरते.

मिस्त्रीला बोलावण्याचा प्रसंग आलाच, तर “गरम झालं की सुरू होत नाही” एवढ्यावर थांबू नका. दम आहे की नाही, नोझल वाजते की नाही, धूर येतो की नाही आणि आला तर कोणत्या रंगाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला आधी द्या. त्यामुळे तो योग्य सुटा भाग बरोबर घेऊन येईल, आणि पाण्याची पुढची पाळी हुकणार नाही.