पर्यटनस्थळ : आधी व्यवस्था, मग प्रसिद्धी

(पर्यटनविकास या विषयावर अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



पर्यटनाचा विषय निघाला की पहिली मागणी होते ती प्रसिद्धीची. "आमच्याकडे धबधबा आहे, जुना किल्ला आहे, पण बाहेरच्यांना त्याची माहिती नाही," असे गावोगावचे कार्यकर्ते सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु प्रसिद्धी झाली आणि पावसाळ्यातल्या एका रविवारी दोनशे मोटारी गावात शिरल्या, तर त्या उभ्या कोठे राहतील? एवढ्या माणसांना पाणी कोठून मिळेल? सायंकाळी मागे राहिलेला कचरा कोण उचलील? या प्रश्नांची उत्तरे तयार नसताना केलेली जाहिरात गावाला वैभव आणीत नाही. ती गावावर संकट आणते.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली झाली. निवासस्थाने, माहितीपत्रके, सहली अशी अनेक कामे त्यानंतर उभी राहिली. तथापि, एखादे स्थळ टिकेल की बिघडेल, हे अखेरीस त्या स्थळी रोज काय घडते यावर ठरते, आणि तेथे आपणा सर्वांचा संबंध येतो.

हा व्यापार निराळा आहे

कापड किंवा साखर यांच्या विक्रीत माल गिऱ्हाइकाकडे जातो. संपला तर पुन्हा तयार करता येतो. पर्यटनात गिऱ्हाईक मालापाशी येते आणि त्याच्या येण्यानेच माल थोडाथोडा झिजतो. लेण्यातले चित्र, पठारावरचे फूल, किल्ल्याचा चिरा यांची भर घालता येत नाही. म्हणून "किती लोक आले?" या प्रश्नापूर्वी "किती लोक आले तर चालेल?" हा प्रश्न विचारला पाहिजे. स्थळाची ही सोसण्याची मर्यादा ओळखणे, हीच व्यवस्थापनाची पहिली पायरी होय.

अजिंठ्याचे उदाहरण घ्या. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली, आणि १९८३ साली त्यांचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. येथील चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. बंदिस्त दालनात माणसांची दाटी झाली की उष्णता वाढते, श्वासातील बाष्प भिंतींपर्यंत पोहोचते आणि गिलाव्याला व रंगाला त्याचा उपद्रव होतो. कौतुकाने येणारा प्रेक्षकही अशा प्रकारे नकळत हानीला कारण होतो. त्यामुळेच खासगी वाहने लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटरवर, फर्दापूरजवळ थांबवून प्रवाशांना बसने पुढे नेण्याची पद्धत सुरू झाली, आणि चित्रांच्या मुख्य लेण्यांत एका वेळी ठराविकच माणसे सोडण्याचे धोरण आले.

एक साधी बाबही सांगतो. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. एवढी माहिती योग्य वेळी न मिळाल्याने दुरून आलेल्या कुटुंबाचा एक दिवस वाया जातो. रंगीत भित्तिपत्रकाइतकेच महत्त्व या एका ओळीच्या सूचनेलाही आहे. गैरसोय झालेला प्रवासी आपल्या गावी जाऊन जे सांगतो, ती प्रसिद्धी कोणत्याही जाहिरातीने पुसता येत नाही.

कासचा धडा

साताऱ्याजवळचे कास पठार हे जांभ्या खडकाचे सडे. खडकावर मातीचा थर अगदी पातळ. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे अशा फुलांचे ताटवे तेथे पसरतात. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कासचा समावेश झाला. नाव गाजले आणि सुट्टीच्या दिवशी साताऱ्याहून येणाऱ्या अरुंद घाटरस्त्यावर वाहनांच्या रांगा लागू लागल्या. छायाचित्रासाठी फुलांत बसणारी माणसे जी झाडे तुडवीत होती, तीच पुढच्या वर्षाचे बी धरणारी होती.

यावर वन विभाग आणि भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या यांनी मिळून उपाय योजले. प्रवेशशुल्क ठेवले, आगाऊ नोंदणी सुरू केली, दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घातली. वाहनतळ, राखणदारी, मार्गदर्शन ही कामे गावातल्या तरुण-तरुणींकडे आली. शुल्काचा पैसा पठाराच्या देखभालीस व स्थानिकांच्या मजुरीस लागू लागला. पठार राखण्यात आपलाही लाभ आहे, हे गावाला दिसले तेव्हाच राखण खरी झाली.

परंतु सर्वच उपाय बिनचूक ठरले नाहीत. फुलांच्या रक्षणासाठी पठारावर तारेचे कुंपण घातले गेले. माणसे अडली, पण गुरांचे चरणेही थांबले. चराई थांबल्याने उंच गवत माजते व लहान फुलझाडांना वाव उरत नाही, असा आक्षेप अभ्यासकांनी आणि ग्रामस्थांनी घेतला. पुढे हे कुंपण काढण्यात आले. गुराख्याचे ज्ञान हेही व्यवस्थापनाचे ज्ञान आहे, आणि योजना आखताना ते आधी विचारात घ्यावे, हा यातला बोध आहे.

खरे सांगणारी जाहिरात

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणिसांचे गाव. तेथील किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालतात. एकेकाळी ती अंडी चोरीस जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन घरट्यांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले. त्यातून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे मोठ्या हॉटेलात नव्हे, तर गावातल्या घरांत उतरतात. मोदक-भाकरीपासून अंथरुणापर्यंतची व्यवस्था घरची मंडळी करतात, आणि पैसा थेट त्या घरात, विशेषतः स्त्रियांच्या हाती येतो.

अंड्यांतून पिले बाहेर येण्यास साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वाळूच्या तापमानाप्रमाणे हा काळ कमीजास्त होतो. त्यामुळे अमुक दिवशी पिले दिसतीलच, अशी हमी देता येत नाही. हे आधीच स्पष्ट सांगितले, तर येणारा मनुष्य धीर धरून येतो. भरमसाट आश्वासन दिले, तर तोच मनुष्य घरट्याशी छेडछाड करण्याचा आग्रह धरतो. सत्य सांगणे हे नीतीला धरून तर आहेच, पण स्थळाच्या रक्षणालाही ते उपयोगी पडते.

आपण काय करावे?

पंचायत सदस्यांनी प्रथम मोजणी करावी. सुट्टीच्या व कामाच्या दिवशी किती वाहने, किती माणसे येतात, ती किती वेळ थांबतात, पैसा कोठे खर्च करतात, याची एक हंगाम नोंद ठेवावी. मग वाहनतळ गावाबाहेर, स्वच्छतागृह स्थळापासून योग्य अंतरावर, आणि कचरा उचलण्याची जबाबदारी ठरावीक गटाकडे, असा निर्णय ग्रामसभेत घ्यावा. शुल्क घ्यायचे असेल तर रीतसर पावती द्यावी आणि जमाखर्च ग्रामसभेपुढे वाचावा. हिशेब उघडा असला म्हणजे भांडणे कमी होतात.

अधिकाऱ्यांना विनंती अशी की, महसूल, वन, पुरातत्त्व, बांधकाम आणि पोलीस या खात्यांनी हंगामापूर्वी एकत्र बसावे. रस्ता रुंद करणारे खाते आणि गर्दी मर्यादित ठेवू पाहणारे खाते एकमेकांस न विचारता चालले, तर दोघांचेही श्रम वाया जातात.

शिक्षकबंधूंचा वाटा सर्वांत मोलाचा आहे. गावच्या देवळाचा इतिहास, ओढ्याकाठच्या झाडांची गावठी नावे, किल्ल्याच्या दरवाजाची रचना हे विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्या. उद्याचे वाटाडे त्यांतूनच तयार होतील. ज्या मुलाला आपल्या डोंगरावरचे फूल नावाने ओळखता येते, तो ते तोडू देणार नाही.

एवढी तयारी झाल्यावर खुशाल प्रसिद्धी करा. ती जरूरच आहे. मात्र येत्या हंगामाची माहितीपत्रके छापण्यास देण्यापूर्वी ग्रामसभेत एकदा विचारा : येणारी माणसे आपल्याला झेपतील किती, आणि त्यांच्या येण्याने आपल्या गावात कोणाची चूल पेटणार आहे?