रोस्टर आणि घरातली वाढती मुले
(रेल्वे व पोस्टल कामगारांच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाखेच्या कार्यालयात येणारा माणूस बढती, बदली किंवा क्वार्टरची तक्रार घेऊन येतो. तक्रार लिहून होते, चहा होतो आणि उठता उठता तो म्हणतो, "भाऊ, पोरगं घरात बोलतच नाही हो." असे सांगणारे थोडेथोडके नाहीत. लोको पायलट आहेत, ट्रॅक मेंटेनर आहेत, आर.एम.एस.मध्ये रात्रभर टपाल लावणारे आहेत. दोष पोराचा, त्याच्या आईचा, नाहीतर मोबाइलचा, असे आपण पटकन ठरवून टाकतो. आमचे म्हणणे, आधी आपले रोस्टर बघा.

गार्ड पहाटे चारला साइन ऑफ करून घरी येतो. मुलगी सातला क्लासला जाते, तेव्हा तो झोपलेला. ती परतते, तेव्हा लॉबीचा फोन आलेला. आठवड्यात दोघांची गाठ दहा मिनिटे पडते आणि त्या दहा मिनिटांत बाप एकच विचारतो, "अभ्यास झाला का?" मुलीच्या लेखी बाप म्हणजे ती एक चौकशी, बाकी काही नाही.

चौदा-पंधराव्या वर्षी मूल समोर बसवून बोलत नाही. "ये, बस इथे, मला बोलायचंय," म्हटले की त्याला वाटते चार्जशीट मिळाली. हात कामात असले आणि नजर दुसरीकडे असली की ते आपोआप बोलते. सायकलची चेन बसवताना, मटार सोलताना, बाजारातून पिशवी आणताना. अशा वेळी आपण ऐकावे. सल्ला मागितला तर द्यावा. आमच्यापैकी बऱ्याच जणांना सल्ला आवरत नाही, युनियनवाल्यांना तर मुळीच नाही.

रोस्टर स्वयंपाकघरात लावा. बाबा कधी घरी आहेत हे मुलांना आधी कळू द्या. रनिंग रूममधून फोन कराल तर त्याच्याशी दोन मिनिटे वेगळे बोला आणि मार्क विचारू नका. मॅच विचारा, मित्र विचारा, मोबाइलमधले आपल्याला न येणारे काहीतरी त्याच्याकडून शिकून घ्या.

पासचा प्रवास मुलांच्या हाती सोपवून बघा. कुठे जायचे, ब्रेक जर्नी कुठे करायची, धर्मशाळा कुठली, खर्च किती, सगळे त्यांनी ठरवावे. गाडी चुकली तर चुकू द्या. पोस्टातल्या बांधवांना सांगायला नको, दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते व स्वतः चालवताही येते. लोकांची खाती आपण आयुष्यभर उघडतो, घरच्या पोराच्या हाती मात्र पासबुक देत नाही. मुलींना तर नाहीच नाही.

झोपेवरून घरोघरी भांडण आहे. या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी डोळा उघडत नाही. गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. नाइट करून आल्यावर कुणी हलवून उठवले तर कसे होते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? सुटीच्या दिवशी पोर नऊपर्यंत झोपले तर त्याला आळशी म्हणू नका.

कॉलनीत दुसरा रोग आहे, शेजारच्या क्वार्टरशी तुलना. दहावीच्या निकालाला तो फार वाढतो. महाराष्ट्र बोर्डात एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षाही असते. खांडवा, इटारसीकडचे आपले मराठी बांधव दुसऱ्या बोर्डात मुले घालतात, त्यांनी तिथले नियम निकालाआधी विचारून ठेवावेत. निकालाच्या दिवशी शक्य असेल तर रजा टाका. त्या दिवशी मुलाला घरात एकटे ठेवू नये.

मूल जेवेनासे झाले, मित्र सोडले, आवडीच्या वस्तू वाटू लागले, "मी नसतो तर बरं" असे बोलले, तर नाटक म्हणून उडवून लावू नका. जीव द्यावासा वाटतो का, असे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. आई-बापही फोन करू शकतात.

आता कुणी म्हणेल, सेक्रेटरी युनियनचे सोडून घरचे का सांगतात? बंधूंनो, हे युनियनचेच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळवली. १९७४ च्या मे महिन्यातल्या संपात आठ तासांच्या ड्युटीची मागणी होती. त्या संपात रेल्वे कामगारांची बायका-मुले क्वार्टरमधून बाहेर काढली गेली. ती विश्रांती अशी मिळालेली आहे. ती सगळी गुत्त्यावर आणि पत्त्यात गेली तर बोलायचे कुणाला?

नियमाप्रमाणे कंटिन्युअस कर्मचाऱ्याला आठवड्याला सलग तीस तासांची विश्रांती आहे. रनिंग स्टाफला महिन्यात तीस तासांच्या चार किंवा बावीस तासांच्या पाच विश्रांती आहेत, आणि त्यात रात्रीची पूर्ण झोप यायला हवी. ज्यांना ती मिळत नाही त्यांनी गेल्या तीन महिन्यांच्या तारखा व साइन ऑफच्या वेळा कागदावर लिहून शाखेत आणाव्यात. त्याच कागदावर त्या दिवशी घरी काय होते तेही लिहा, मुलाचा पेपर, पालकसभा, काय असेल ते. प्रशासनासमोर बसू तेव्हा ती यादीही आम्ही टेबलावर ठेवणार आहोत.