बाहेर पडण्याची मोकळीक आणि आत राहण्याचा हक्क



'ग्रामण्य' हा शब्द आता कोशात शोधावा लागतो. सव्वाशे वर्षांपूर्वी तो नुसता कानी पडला तरी भल्याभल्यांची छाती दडपत असे. ग्रामण्य उभे राहिले म्हणजे घरी भटजी येत नसे, पंक्तीत पान मांडले जात नसे, मुलीचे लग्न जमत नसे आणि मर्तिकाला चार खांदे मिळण्याची पंचाईत होई. १८६९ साली विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत पुनर्विवाह झाला, तेव्हा त्याचा पुरस्कार करणाऱ्यांवर बहिष्कार पडला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली. समोर आलेला चहा कोणी प्याले, कोणी तसाच ठेवला. आणि त्या चहाने उठवलेले वादळ पुढे दोन वर्षे शमले नाही. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्यात स्वतःच्या भयापेक्षा स्नेह्यांची अडचण अधिक होती, हे त्यांचे चरित्र वाचणाऱ्यास ठाऊक आहे.

या साऱ्या प्रकारात सरकार कोठेच नव्हते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कोणास तुरुंगात टाकले नाही, कोणाची मालमत्ता जप्त झाली नाही. जो जेवायला आला नाही त्याने आपल्या स्वातंत्र्याचाच उपयोग केला, असे म्हणता येईल. कोणाच्या घरी जेवावे हे ठरवण्याचा हक्क माणसाला नसेल, तर दुसरा कोणता असणार? असे शंभर जणांचे शंभर स्वतंत्र निर्णय एकत्र झाले आणि एका माणसाचे स्वातंत्र्य संपले. उदारमतवादी राजकीय तत्त्वज्ञानापुढचा अत्यंत अवघड पेच तो हाच. हे तत्त्वज्ञान राजसत्तेपासून व्यक्तीचे रक्षण करण्यासाठी जन्माला आले. परंतु व्यक्ती राज्यात जशी राहते तशीच ती जातीत, पंथात आणि भाषेत राहते, आणि तेथील सत्ता पुष्कळदा राजाच्या सत्तेहून जवळची असते.

जॉन स्टुअर्ट मिल याला हे दिसले होते. 'ऑन लिबर्टी' हा त्याचा ग्रंथ १८५९ साली निघाला. तत्पूर्वी १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे त्याने लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरी केली; हिंदुस्थानचे खलिते लिहिले, हिंदुस्थान मात्र कधी पाहिला नाही. समाजाची जुलूमजबरदस्ती राजसत्तेच्या जबरदस्तीहून अधिक खोल शिरते, कारण तिच्यातून निसटण्यास वाटा कमी असतात, हे त्याने प्रारंभीच सांगून टाकले आहे. आगरकरांच्या पिढीला मिल जवळचा वाटला तो याचमुळे. त्याच ग्रंथात, अद्याप 'वयात न आलेल्या' समाजांना हे स्वातंत्र्याचे तत्त्व लागू नाही, असेही तो लिहून गेला, आणि त्या समाजांत आपला देश होता. आगरकरांनी मिलकडून औषध घेतले, निदान घेतले नाही, हे बरेच झाले.

मिलच्या ग्रंथात मॉर्मन पंथाविषयी काही पाने आहेत. त्या पंथातील बहुपत्नीत्व मिलला मनापासून नापसंत होते. स्त्रीदास्यावर पुढे स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्याला ते पसंत पडणे शक्यच नव्हते. तरीही, हे लोक दूर ओसाड मुलखात जाऊन आपल्या रीतीने राहत आहेत, दुसऱ्यांवर चाल करून जात नाहीत आणि ज्याला ती रीत नको असेल त्याला जाऊ देत आहेत, तोवर त्यांना सुधारण्यासाठी मोहीम काढण्याचा हक्क कोणास नाही, असा त्याचा निवाडा आहे. 'जाऊ देत आहेत तोवर' हीच त्यातील अट. पुढच्या दीडशे वर्षांत या विषयावर जो खल झाला तो बहुतांशी या एका अटीभोवतीच फिरतो.

मूळचे मलेशियाचे चंद्रन कुकाथस यांनी ही अट शेवटापर्यंत नेली. १९९२ सालचा त्यांचा निबंध आणि २००३ साली आलेला 'द लिबरल आर्किपेलागो' हा ग्रंथ यांत समाजाचे चित्र द्वीपसमूहासारखे आहे. प्रत्येक बेटाचे नियम निराळे. काही बेटे फार कडक. राज्याने त्यांत ढवळाढवळ करू नये. बेट सोडून जाण्याची मुभा असली म्हणजे पुरे. कॅनडातील विल किमलिका यांना हे मान्य नाही. माणूस निवड करतो ती कोणत्या तरी संस्कृतीने समोर ठेवलेल्या पर्यायांतून करतो. म्हणून अल्पसंख्य संस्कृतीला संरक्षण देणे हे व्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध नसून त्याचीच गरज आहे, असे त्यांनी १९८९ आणि १९९५ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडले. मात्र बाहेरच्या बहुसंख्याकांच्या दडपणापासून गटाला मिळणारे संरक्षण निराळे आणि गटाने आपल्याच माणसावर घातलेली बंधने निराळी. पहिल्यास उदारमतवादी माणसाने पाठिंबा द्यावा, दुसऱ्यास देऊ नये. कागदावर हा भेद फार स्वच्छ दिसतो. व्यवहारात मात्र एकच नियम दोन्ही कामे करतो.

अमेरिकेतील आमिश लोकांचा खटला याचा दाखला आहे. हे लोक मोटार वापरत नाहीत, घोडागाडीने जातात, शेती करतात आणि आठवीपुढचे शिक्षण मुलांना जगाच्या मोहात ओढणारे मानतात. विस्कॉन्सिन राज्याचा कायदा सोळा वर्षांपर्यंत शाळेची सक्ती करणारा. योडर आदी तीन पालकांनी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेत धाडले नाही, म्हणून त्यांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. पाच डॉलरचे हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७२ साली निकाल पालकांच्या बाजूने लागला. त्या लहानशा समाजाचे अस्तित्व टिकवणारा निर्णय म्हणून त्याचे कौतुक झाले, आणि ते अस्थानी नव्हते. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र अंशतः असहमती नोंदवून एक साधी गोष्ट विचारली : या मुलांना कोणी विचारले आहे काय? तिघांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती. उरलेल्यांपैकी एखाद्याला पियानो वाजवायचा असेल, अंतराळवीर व्हायचे असेल, तर त्याचे काय? बाहेर पडण्याची मोकळीक त्या मुलांना कायद्याने पूर्ण आहे. पण आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुलाने बाहेर पडून उभे कोठे राहावयाचे, हे कुकाथस यांच्या द्वीपसमूहात सापडत नाही. नावेची मुभा आहे. नाव वल्हवण्यास कोणी शिकवलेले नाही.

आमिशांतही बहिष्कार आहेच. प्रौढ वयात बाप्तिस्मा घेऊन पुढे नियम मोडणाऱ्याशी घरच्यांनीही एका ताटावर बसू नये, असा त्यांचा दंडक आहे. ग्रामण्याचेच हे दूरचे भावंड म्हणावयाचे.

पाश्चात्त्य ग्रंथकारांचा सारा भर बाहेर पडण्यावर आहे. हिंदुस्थानचा अनुभव याच्या उलट टोकाचा आहे. येथे माणसाला बाहेर जायचे नसते. त्याला बाहेर घातले जाते. १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा केला. कोणत्याही जमातीने आपल्या सभासदाला जमातीबाहेर काढणे त्या कायद्याने निरर्थक ठरले आणि काढणारा शिक्षेस पात्र झाला. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी या कायद्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयात कायदा टिकला. सर्वोच्च न्यायालयात ९ जानेवारी १९६२ रोजी, चार विरुद्ध एक अशा मतांनी, तो रद्द झाला. धार्मिक संप्रदायाला आपल्या धर्माचा कारभार पाहण्याचा हक्क संविधानाच्या सव्विसाव्या अनुच्छेदाने दिला आहे. श्रद्धेचे मूळ नाकारणाऱ्याला बाहेर काढता आले नाही, तर संप्रदायाची एकजूट राहणार कशी, असे बहुमताचे म्हणणे. हे म्हणणे तुच्छ लेखण्याजोगे नाही. ज्या संस्थेला कोणासही नकार देता येत नाही तिला स्वतःचे असे रूप राहत नाही.

तरीही या खटल्यात लक्षात राहते ते मुख्य न्यायमूर्ती भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे एकट्याचे विरोधी मत. बहिष्कृताला प्रार्थनास्थळ बंद होते, दफनभूमी बंद होते, नातलग दुरावतात. अशा माणसाची अवस्था अस्पृश्याहून फारशी निराळी नसते, म्हणून सदर कायदा अस्पृश्यतानिवारणाच्याच वाटेवरचा आहे, असे त्यांनी लिहिले. बहुमताने विचारले : संप्रदाय कोणाचा? सिन्हा यांनी विचारले : हा माणूस उद्या जगणार कसा? १९८६ साली या निकालाच्या फेरविचारासाठी अर्ज झाला. २०२३ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. म्हणजे कायदा १९४९ चा, निकाल १९६२ चा आणि शंका २०२३ ची! तत्त्वज्ञानाच्या वर्गात तासाभरात सुटणारे प्रश्न न्यायालयात असे पाऊणशे वर्षे चालतात, याचे कारण तेथे माणसे खरी असतात.

बडोद्याच्या श्रोत्यांना या संदर्भात एक गोष्ट आठवावी. मुंबईच्या कायद्याच्या सोळा वर्षे आधी, १९३३ साली, बडोदे संस्थानात जातीच्या जुलमाचे निवारण करणारा कायदा झाला होता. सयाजीरावांनी संविधानाच्या अनुच्छेदांची वाट पाहिली नाही. अर्थात त्यांना निवडणूकही लढवायची नव्हती, हेही खरे.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. अमेरिकेतील सांता क्लारा पुएब्लो या आदिवासी जमातीत, जमातीबाहेर लग्न करणाऱ्या पुरुषाची मुले जमातीत गणली जात, स्त्रीची गणली जात नसत. ज्यूलिया मार्टिनेझ या बाईने दाद मागितली; १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने जमातीच्या स्वायत्ततेचे कारण देऊन हात आवरला. तिला जमात सोडायची नव्हती. मुलांसह तेथेच राहायचे होते. सुझन ओकिन यांनी १९९७ साली बहुसंस्कृतिवाद स्त्रियांच्या हिताचा आहे काय, असा जो परखड प्रश्न केला, त्यामागे असेच अनुभव होते.

बाहेर पडण्याची खरी किंमत काय असते, हे डॉ. आंबेडकरांच्या चरित्राइतके दुसरीकडे कोठे दिसत नाही. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेला हा विद्वान १९१७ साली बडोद्यास नोकरीवर आला आणि राहण्यास जागा न मिळाल्याने त्याला हे शहर सोडावे लागले. 'हिंदू म्हणून मरणार नाही' अशा आशयाची घोषणा त्यांनी १९३५ साली येवल्यास केली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधली एकवीस वर्षे कशात गेली? जेथे जायचे ती जागा शोधण्यात, आणि एकट्याने न जाता लाखो माणसांसह जाण्याची तयारी करण्यात. एवढे करूनही, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. चाळ सोडणाऱ्याला मालकाने अनामत परत करू नये, त्यातलाच हा प्रकार. याच आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत, मसुद्याने खेडे न मानता व्यक्तीला घटक मानले, याबद्दल समाधान व्यक्त केले, आणि त्याच भाषणात अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचेही समर्थन केले. यात विसंगती पाहणाऱ्यांनी किमलिकांचे ग्रंथ जरूर वाचावेत. आंबेडकरांनी ती गोष्ट चाळीस वर्षे आधी कायद्याच्या भाषेत लिहून ठेवली आहे.

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. तो जुलै २०१७ पासून अमलात आला. जातपंचायती आणि गावकी यांनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या हकीकती, आणि त्यांसाठी अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालवलेली चळवळ यांतून तो आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. शिक्षेच्या भीतीने पंच गप्प बसतील. शेजारी बोलू लागेल की नाही, हे कलमात लिहिता येत नाही.

आता महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी समाजाविषयी थोडे. भाषा आणि लिपी जतन करण्याचा हक्क एकोणतिसाव्या अनुच्छेदात आहे, शाळा काढण्याचा तिसाव्यात आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याविषयीचे ३५०-अ हे कलम १९५६ साली आले. ही किमलिकांच्या अर्थाने बाहेरच्या दडपणापासूनची संरक्षणे आहेत. क्वेबेकमधील फ्रेंच भाषकांनी याच्या पुढे पाऊल टाकले. १९७७ च्या कायद्याने तेथील फ्रेंच आणि स्थलांतरित कुटुंबांना मुले फ्रेंच शाळेतच घालणे भाग पडले. तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांनी त्यामागील भूमिकेचे समर्थन केले : नुसती सोय ठेवून भाषा टिकत नाही, पुढच्या पिढीत ती बोलणारी माणसे असावीत हेही समाजाचे उद्दिष्ट असू शकते. ज्यांचे नातवंड गुजराती माध्यमात शिकते आणि आजोबांशी निम्मे वाक्य गुजरातीत बोलते, त्यांना टेलरांचे म्हणणे चटकन पटेल. पण त्याच आजोबांच्या आजोबांनी पोटापाण्यासाठी देश सोडताना कोणाची परवानगी घेतली नव्हती.

भिखू पारेख १९८१ ते १९८४ या काळात येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे कुलगुरू होते. २००० साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाचा रोख उदारमतवाद्यांवरच आहे : तुम्ही सर्व संस्कृतींना आपल्या मापाने मोजता, पण ते मापही एका संस्कृतीतच घडलेले आहे. म्हणून संस्कृतींनी परस्परांशी बोलत राहावे, आणि त्या बोलण्यात प्रत्येकीने आपल्या घरातील मतभेदही उघडे होऊ द्यावेत. हे त्यांचे सांगणे ग्रंथालयाला नवे नाही. पुनर्विवाहाच्या बाजूची आणि विरुद्धची पुस्तके, 'केसरी'चे आणि 'सुधारका'चे लेखसंग्रह, आंबेडकरांचे आणि त्यांच्या टीकाकारांचे लेखन मराठी ग्रंथालयांत एकाच छताखाली नांदत आले आहे. ग्रंथपालाने कोणाला वाळीत टाकले नाही. वाचक मात्र आपापल्या कपाटापाशीच जातात, ही प्रत्येक ग्रंथपालाची जुनी तक्रार आहे.