सात पॉइंट वीस: बाळाच्या रक्ताचा थेंब काय सांगतो?

आज थेट लेबर रूममध्ये जाऊया. मी तिथेच काम करते.

कळा सुरू आहेत, सीटीजीच्या पट्टीवर बाळाचे ठोके खाली-वर होतायत आणि बाहेरून प्रश्न येतो, "डॉक्टर, सिझर करायचं का?" खरं सांगू? नुसती पट्टी बघून छातीठोकपणे सांगता येत नाही. पट्टी वाईट दिसते, पण बाळ बऱ्याचदा ठणठणीत असतं.

म्हणून १९६० च्या दशकात बर्लिनच्या एरिश झालिंग यांनी वाट काढली. पाणमोट फुटलेली आणि गर्भाशयाचं तोंड पुरेसं उघडलेलं असेल, तर बाळाच्या डोक्याच्या त्वचेतून रक्ताचे थेंब घ्यायचे.

त्यात पीएच ७.२५ किंवा जास्त आला, तर थांबता येतं. ७.२१ ते ७.२४ म्हणजे काठावर. अर्ध्या तासाने पुन्हा तपासा. ७.२० किंवा कमी? बाळाला बाहेर काढायची तयारी करा.

"एवढ्याशा फरकाने काय होतं?" असं वाटेल. पण पीएचचं गणित वेगळं आहे. ७.३० वरून ७.०० वर आलं, की रक्तातलं आम्ल थेट दुप्पट!

आता महत्त्वाचं. आम्ल दोन कारणांनी वाढतं. नाळ थोडा वेळ दाबली गेली, तर कार्बन डायऑक्साइड साठतो. दाब सुटला की तो लगेच निघून जातो. ऑक्सिजन बराच वेळ कमी पडला, तर लॅक्टिक ॲसिड साठतं, आणि ते लवकर जात नाही. हा दुसरा साठा 'बेस डेफिसिट' दाखवतो. म्हणून पीएच एकटा वाचायचा नाही.

जन्मानंतर नाळेच्या धमनीतल्या रक्तात पीएच ७.०० च्या खाली आणि बेस डेफिसिट १२ किंवा जास्त असेल, तर मेंदूची काळजी वाटते. तरीही अशी बरीच बाळं पुढे छान वाढतात.

ही तपासणी सगळीकडे नसते. आईला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस असेल, बाळ ३४ आठवड्यांच्या आतलं असेल, तर ती टाळतात. आणि ठोके खाली जाऊन वर येतच नसतील, तर थेंबाची वाट बघायची नाही. तेव्हा एकेक मिनिट मोलाचं.

घरातलं कुणी लेबर रूममध्ये असेल तर घाबरू नका, तीन गोष्टी विचारा: आकडा किती? आधी किती होता? बाळंतपणाला अजून किती वेळ आहे? निर्णय या तिन्हींवर ठरतो.

भेटू पुढच्या भागात!